शाळेचा गणवेश

विदर्भातील उन्हाळा मोठा कडक. म्हणून तेथील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. तोपर्यंत पावसाच्या एकदोन सरी येऊन गेलेल्या असतात आणि वाशीम जिल्ह्यातील काळ्या रानांत सोयाबीन व तूर यांची पेरणी चाललेली असते. अशा वेळी मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील एखाद्या शाळेच्या फाटकाशी सकाळी उभे राहिले, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. एका बाजूने तांड्यातील मुले येतात, दुसऱ्या बाजूने गावठाणातील मुले येतात, बांधावरून चिखल तुडवीत सालगड्याची दोन पोरे येतात. आणि ही सारी मंडळी एकत्र झाली, की कोण कोठून आले हे सांगणे कठीण होते. कोणाच्या घरी वीस एकर जमीन आहे आणि कोणाचा बाप दुसऱ्याच्या शेतात राबतो, हे त्यांच्या कपड्यांवरून कळत नाही. एखाद्याचा सदरा विटलेला असतो. एखादीचा थोरल्या बहिणीचा असतो आणि म्हणून तो खांद्यावरून घसरत असतो. रंग मात्र सर्वांचा एकच.

हीच मुले घरी परतली, की निरनिराळी दिसू लागतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थस्थान. तेथे सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि २०२४ साली त्या समाजाच्या वारशाचे एक संग्रहालयही उभे राहिले आहे. या भागातील तांड्यांतून आरसे जडविलेली कांचळी आणि रंगीबेरंगी फेटिया ल्यालेल्या वृद्ध स्त्रिया अजून दिसतात. त्यांच्या हातांवर गोंदण असते, दंडांत बांगड्या असतात. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर या गावांतून डोक्यावर रुमाल बांधलेल्या मुसलमान मुली दिसतात. कोणाच्या कपाळी गंध असते, कोणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते.

मग प्रश्न असा पडतो, की ही सारी विविधता फाटकाबाहेर ठेवूनच आत यावयाचे काय? मनगटातील कडे, डोक्यावरचा रुमाल, हातावरचे गोंदण, छातीवर लावलेली एखादी फीत यांपैकी काय शाळेत चालावे आणि काय चालू नये? आणि ते ठरवावयाचे कोणी? प्रश्न दिसतो लहान. पण त्याच्यापायी जगातील मोठमोठ्या न्यायालयांना निकाल द्यावे लागले आहेत, आणि त्यांतले काही खटले तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी उभे केलेले आहेत.

गणवेशाची कल्पना मूळची श्रीमंतांची नव्हे. इ. स. १५५२ मध्ये लंडन शहरात ख्राइस्ट्स हॉस्पिटल या नावाची एक संस्था निघाली. नावात हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हते. निराधार मुलांना अन्न, वस्त्र आणि विद्या देणारी ती शाळा होती. तेथील मुलांना लांब निळा डगला आणि पिवळे मोजे मिळत. रस्त्यातून असा मुलगा चालला, की लोक ओळखीत, हा धर्मादायावर वाढणारा पोर. पुढे १९०२ साली ती शाळा लंडनबाहेर गेली. परंतु निळा डगला काही सुटला नाही. एकविसाव्या शतकात शाळेने आपल्या विद्यार्थ्यांस विचारले, हा जुनाट वेष आता बदलावा काय? बहुतेक सर्वांनी सांगितले, बदलू नये. जो डगला एके काळी दारिद्र्याची खूण होता, तोच आता अभिमानाची खूण झाला होता. कापड तेच होते. त्याचा अर्थ बदलला होता.

कपड्याला असा अर्थ असतो, हे महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. लुगडे कसे नेसावे, दागिने चांदीचे घालावे की कथलाचे, यांवरून माणसाची जात ओळखली जात असे. आणि ओळखली जावी अशीच समाजाची इच्छा असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. अस्पृश्यपणाची खूण पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतील ते जड दागिने टाकून द्या आणि इतर स्त्रिया नेसतात तशी वस्त्रे नेसा, असा त्या भाषणाचा आशय होता. ऐकणाऱ्या स्त्रियांनी लागलीच तसे करण्यास प्रारंभ केला. लुगड्याचा काठ थोडा खाली आला, एवढेच वरवर पाहता घडले. पण ज्यांनी ते केले आणि ज्यांनी ते पाहिले, त्या दोघांनाही त्याचा अर्थ पुरता कळला होता.

सुमारे अडीच वर्षांनी सोलापुरात याच्या उलट प्रकार घडला. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने त्या शहरावर लष्करी कायदा पुकारला आणि गांधी टोपी घालण्यास मनाई केली. खादीचे एक पांढरे वीतभर कापड. पण ते डोक्यावर असले, की घालणारा न बोलताही काही सांगत असे, आणि सरकारला ते ऐकावयाचे नव्हते. टोपीस भिणारे सरकार, असे आज वाचताना हसू येते. त्या वेळी मात्र ती घालणाऱ्यास शिक्षा भोगावी लागे.

महाड आणि सोलापूर येथील माणसे प्रौढ होती. शाळेतील मुलाचे काय? त्याचेही स्वतःचे मत असू शकते काय, आणि असले तर ते अंगावर बाळगून वर्गात बसण्याची त्याला मोकळीक आहे काय? हा प्रश्न अमेरिकेतील आयोवा राज्यात, दे मॉइन नावाच्या गावी, मेरी बेथ टिंकर या तेरा वर्षांच्या मुलीमुळे न्यायालयापुढे आला.

साल १९६५. अमेरिकेचे सैन्य व्हिएतनाममध्ये लढत होते आणि दोन्ही बाजूंची माणसे मरत होती. त्या गावातील काही कुटुंबांनी असे ठरविले, की मृतांच्या शोकार्थ व युद्ध थांबावे या इच्छेने नाताळच्या सुमारास दंडावर काळी फीत बांधावयाची. दोन इंच रुंदीची ती फीत. शाळांच्या मुख्याध्यापकांना ही बातमी लागली. त्यांनी १४ डिसेंबर रोजी एकत्र बसून नियम केला, की फीत बांधून येणाऱ्यास ती काढावयास सांगावे. न काढल्यास घरी पाठवावे. नियम झाल्याचे मुलांना माहीत होते. तरीही १६ तारखेस मेरी बेथ फीत बांधून शाळेत गेली. तिच्याबरोबर क्रिस्टोफर एकार्ट हा मोठ्या शाळेतील मुलगाही आपल्या शाळेत तशीच फीत बांधून गेला. दुसऱ्या दिवशी मेरी बेथचा पंधरा वर्षांचा भाऊ जॉन यानेही तेच केले. तिघांना शाळेतून परत पाठविण्यात आले. त्यांची अकरा वर्षांची बहीण होप आणि आठ वर्षांचा भाऊ पॉल यांनीही प्राथमिक शाळेत फिती बांधल्या होत्या. त्यांना मात्र कोणी काही केले नाही.

या मुलांनी आरडाओरडा केला नव्हता, कोणाचा तास मोडला नव्हता, की कोणास फीत बांधण्याची सक्ती केली नव्हती. त्या गावच्या शाळांत अठरा हजार विद्यार्थी होते आणि फीत बांधणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी गावात खळबळ उडाली. टिंकर यांच्या घरावर लाल रंग फेकण्यात आला, धमक्या आल्या. नाताळची सुट्टी संपून ठरविलेली मुदत पुरी झाल्यावर मुले फिती सोडून शाळेत परतली; मात्र मेरी बेथ पुढे कित्येक दिवस काळेच कपडे घालून येत राहिली. काळे कपडे घालू नयेत असा नियम कोणी केलेला नव्हता!

वडील मंडळींनी मुलांच्या वतीने खटला भरला. खालच्या न्यायालयात ते हरले. वरच्या न्यायालयात न्यायाधीशांची मते समसमान पडली. शेवटी २४ फेब्रुवारी १९६९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, तो मुलांच्या बाजूने. विद्यार्थी शाळेच्या दारात आपले हक्क काढून ठेवून आत येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कोणाचे मत अप्रिय वाटते एवढ्यावरून शाळेला ते दाबता येणार नाही. त्या मतप्रदर्शनामुळे शाळेच्या कामात खरोखरीच मोठा अडथळा येत असेल, किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत असेल, तरच ते थांबविता येईल. न्यायालयाने आणखी एक गोष्ट टिपली. त्याच शाळांत निवडणुकीचे बिल्ले लावून येणाऱ्या मुलांना कोणी अडविले नव्हते. म्हणजे शाळेचा राग चिन्हांवर नव्हता. एका विशिष्ट मतावर होता.

विरुद्ध मत देणाऱ्या दोन न्यायाधीशांचेही म्हणणे टाकाऊ नव्हते. त्यांपैकी न्यायमूर्ती ब्लॅक यांना अशी भीती वाटली, की मुलेच शाळा चालवू लागतील आणि शिक्षकांचे कोणी ऐकणार नाही. ज्याने कधी पन्नास मुलांचा वर्ग सांभाळला आहे, त्याला ही भीती समजेल. शिवाय बहुमताच्या निकालातही एक मर्यादा स्पष्ट घातलेली होती, ती पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. हा निकाल झग्याची लांबी, कपड्यांची तऱ्हा किंवा केसांची ठेवण यांसंबंधी नाही, असे न्यायालयाने सांगून ठेवले होते. काळी फीत हे एक मत होते. नवीन फॅशनची फाटकी विजार हे मत नव्हे. ती हौस आहे. हौस असू नये असे नाही. परंतु हौस आणि हक्क यांत अंतर आहे, आणि महागाची हौस वर्गात आली, की ज्याला ती परवडत नाही तो मुलगा मान खाली घालून बसतो. गणवेश प्रथम आला तो याच मुलासाठी.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील गोष्ट याहून अवघड आहे, कारण तेथे नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. १९७८ साली गुरिंदरसिंग मंडला या शीख मुलास एका खाजगी शाळेत प्रवेश हवा होता. मुख्याध्यापक म्हणाले, मुलाने केस कापावे आणि पगडी घालणे सोडावे, तर प्रवेश मिळेल. शाळेत अनेक वंशांची मुले होती. त्यांच्यांतील बाहेरून दिसणारे भेद शक्य तितके कमी असावेत, म्हणून सर्वांना एकच टोपी व एकच वेष, असा त्यांचा विचार होता. विचार चांगलाच. परंतु टोपी काढून ठेवणे आणि पगडी काढून ठेवणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. इतर मुलांना त्या नियमाची किंमत एक टोपी एवढीच पडत होती. गुरिंदरला ती आपल्या धर्माने द्यावी लागत होती. वडिलांनी दाद मागितली. पाच वर्षे खटला चालला आणि मार्च १९८३ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने शाळेचा नियम शीख मुलांवर अन्याय करणारा ठरविला.

एकच नियम सर्वांना सारखा लावला, म्हणजे सर्वांना सारखे वागविले असे होत नाही, ही गोष्ट वाशीमला जुलै २०२२ मध्ये निराळ्या रीतीने प्रत्ययास आली. वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशासाठी साऱ्या देशात एकच परीक्षा घेतली जाते. त्या वर्षी ती १७ जुलै रोजी झाली आणि तिच्यासाठी अठरा लाखांवर विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती. एवढ्या मोठ्या परीक्षेत कोणी कपड्यांत काही लपवून आणू नये, म्हणून वेषाचे नियम कडक केलेले असतात. लांब बाह्या नकोत, जाड बूट नकोत, धातूची वस्तू नको. ज्यांचा वेष धर्माप्रमाणे वा परंपरेप्रमाणे वेगळा असेल, त्यांनी इतरांच्या आधी केंद्रावर यावे, म्हणजे त्यांची तपासणी नीट होईल, अशीही तरतूद नियमांतच होती. म्हणजे नियम करणाऱ्यांनी त्या मुलींचा विचार केला होता.

तरीही त्या दिवशी वाशीममधील एका केंद्रावर दोन मुसलमान मुलींना बुरखा व हिजाब काढावयास लावल्याची तक्रार झाली. आपणास दाराशी अडविले आणि अपमान वाटेल अशा रीतीने वागविले, असे त्यांचे म्हणणे होते. तक्रार पोलिसांपर्यंत गेली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांतून छापून आली. त्याच दिवशी केरळातील कोल्लम जिल्ह्यात, धातूचा शोध घेण्याच्या निमित्ताने मुलींची तपासणी लाजिरवाण्या रीतीने केली गेल्याची तक्रार उठली. तेथील मुलींसाठी सप्टेंबरच्या ४ तारखेस पुन्हा परीक्षा ठेवावी लागली. ज्या परीक्षेसाठी दोन-दोन वर्षे अभ्यास केला, तिच्या दारातच मन असे विस्कटले, तर पुढे उत्तरे कशी सुचावीत? तपासणी आवश्यक होती, याविषयी दुमत नाही. एका बाजूची खोली, एक स्त्री कर्मचारी आणि पाच मिनिटांचा वेळ एवढ्याने ती होऊ शकते.

भारतातील कायदा याविषयी काय सांगतो? राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांस भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि पंचविसाव्याने सदसद्विवेकबुद्धीचे व धर्माचे. ही दोन्ही स्वातंत्र्ये अमर्याद नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती अशा कारणांसाठी त्यांवर बंधने घालता येतात. एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसंबंधी निकाल देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे मानले, की माणूस आपल्या वेषातूनही स्वतःस व्यक्त करीत असतो आणि ती अभिव्यक्तीही घटनेच्या छायेत येते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालकांच्या हक्कांचा करार केला व भारताने तो १९९२ साली मान्य केला. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेस शोभेल अशीच असली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम तर अगदी सरळ आहे: मुलास शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि मानसिक छळही करता येणार नाही. गणवेश धुवून वाळला नाही म्हणून एखाद्या मुलास साऱ्या शाळेसमोर उभे करून हसविणे, हे या कलमापुढे टिकणारे नाही.

इतके असूनही मोठ्या माणसांत मतभेद आहेतच. कर्नाटकात २०२२ साली शाळा-महाविद्यालयांतून हिजाबास मनाई झाली. तेथील उच्च न्यायालयाने ती उचित ठरविली. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांस वाटले, की गणवेश हा समानतेसाठीच आहे आणि धर्माची खूण वर्गाबाहेर राहणे योग्य. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांच्या मनासमोर दुसरीच गोष्ट होती: ग्रामीण भागातील मुलीला शाळेपर्यंत पोहोचावयास आधीच किती अडचणी सोसाव्या लागतात, डोक्यावरील रुमालासाठी तिला दारातून परत लावून तिचे आयुष्य आपण अधिक चांगले करीत आहोत काय? एकच खटला, तेच कागद, आणि दोन विद्वान, प्रामाणिक माणसांची दोन उत्तरे. योग्य पीठ नेमले जावे म्हणून प्रश्न सरन्यायाधीशांकडे सोपविला गेला.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईतील एका महाविद्यालयाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. त्या महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ला यांस बंदी केली होती. कारण विद्यार्थ्यांचा धर्म ओळखू येऊ नये. न्यायाधीशांनी विचारले, धर्म तर नावांवरूनही कळतो. मग मुलांना नावांऐवजी क्रमांक देणार काय? बंदीचा तो भाग न्यायालयाने तूर्त थांबविला. मात्र चेहरा झाकणारा बुरखा घालून वर्गात बसता येणार नाही, हेही सांगितले. केंद्रीय विद्यालयांनी तर २०१२ साली नवीन गणवेश ठरविताना शीख मुलांची पगडी व मुसलमान मुलींचा रुमाल यांना गणवेशाच्याच रंगांत जागा करून दिली होती. तेथे कोणास न्यायालयात जावे लागले नाही.

गणवेशाचा प्रश्न धर्माचाच असतो असे मात्र नाही. पुष्कळदा तो निव्वळ मापाचा असतो. सरकारी शाळांतील मुलांना दोन गणवेश मिळावेत म्हणून समग्र शिक्षा या योजनेतून दर मुलामागे ६०० रुपये दिले जात. गावची शाळा व्यवस्थापन समिती रंग ठरवी, कापड आणी आणि गावातल्याच शिंप्याकडून शिवून घेई. शिंपी मुलाच्या पाठीस फीत लावून माप घेई. पोर वाढते आहे हे जाणून दोन बोटे कापड आत दुमडून ठेवी. २०२४-२५ या शालेय वर्षी महाराष्ट्र शासनाने ठरविले, की साऱ्या राज्यात एकच गणवेश असावा: फिकट निळा सदरा आणि गडद निळी विजार. कापड एका ठिकाणी खरेदी करावयाचे आणि महिला बचत गटांकडून ते शिवून घ्यावयाचे. कल्पना भव्य होती. बायकांच्या हातांना काम मिळावे, हा हेतूही स्तुत्य होता. परंतु लक्षावधी मुलांची मापे एका कागदावर मावत नाहीत. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनास कित्येक मुले जुन्याच कपड्यांत उभी राहिली. आले ते कोणाला आखूड, कोणाला ढगळ. तक्रारी इतक्या आल्या, की डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. चूक ध्यानात आल्यावर ती वर्षाच्या आत सुधारणे, ही गोष्ट सरकारी कारभारात वारंवार घडत नाही. म्हणून तिची नोंद घ्यावयास हवी.

ही समिती म्हणजे कोणी दूरचे अधिकारी नव्हेत. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य मुलांचे आईबाप असावे लागतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया. महाराष्ट्रात २०१० साली या समित्या घडविण्यात आल्या, तेव्हा त्यांत दोन विद्यार्थ्यांनाही बसावयास जागा ठेवली गेली, त्यांतील एक मुलगी. मत देण्याचा अधिकार त्यांना दिला नव्हता, बोलण्याचा होता. शाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरून अशी सभा भरते. कापडाचा रंग कोणता घ्यावा, तो चिखलाने लवकर मळेल की कसे. सातवीच्या मुलींना झगा बरा की सलवार-कमीज. पलीकडच्या तांड्याहून तीन किलोमीटर सायकलवर येणारीला त्यांपैकी काय सोयीचे पडेल. डोक्यावर रुमाल बांधणारीने तो गणवेशाच्या रंगाचा बांधला तर कोणाची हरकत आहे काय. आणि पावसाळ्यात एकुलता एक गणवेश वाळला नाही, तर त्या दिवशी काय घालून यावे? मोठी माणसे या प्रश्नांवर पुष्कळ वेळ बोलू शकतात. सतरंजीच्या कडेला बसलेल्या त्या दोघांना मात्र यांतील बहुतेकांची उत्तरे आधीच ठाऊक असतात.